घरचं माप शेवटी

“पोरी, वर्गात तरी तुझा सर पोटभर बोलतो का? घरात त्येच्या तोंडातून शब्द काढायचा म्हंजी आटलेल्या हिरीतून पानी काढायचं,” असं म्हणत अक्कांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि मी नको म्हणेपर्यंत शेंगाच्या चटणीवर तेलाची धारही धरली.

सर मान खाली घालून जेवत होते. वर्गात त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला तरी आम्ही चिडीचूप व्हायचो, आणि इथे थोरल्या बहिणीपुढे ते उशिरा घरी आलेल्या पोरासारखे बसले होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांत डॉ. वीरभद्र शेटे हे नाव तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोरदऱ्यात मात्र ते अक्कांचे वीरू होते. आई लवकर गेली तेव्हा अक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं. धाकट्या भावाच्या शिक्षणापायी त्यांनी आपलं लग्न लांबवलं, आणि केलं तेही गावातल्या गावात, म्हणजे भावाकडे लक्ष राहावं.

आम्ही बोरदऱ्याला गेलो होतो ते सरकारी कामाने. कुठल्या भागाला दवाखाने, डॉक्टर, औषधं द्यायची राहून गेली आहेत, म्हणजे सरकारी भाषेत आरोग्यसेवेचा अनुशेष किती आहे, हे ठरवायला एक समिती नेमली होती. सर तिचे सदस्य होते. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, समितीची संशोधन सहायक. सोलापूरच्या गिरणीच्या चाळीत वाढलेली असल्यामुळे खेड्यातलं मला फारसं काही कळत नव्हतं, पण सर सांगतील ते ब्रह्मवाक्य एवढं पक्कं होतं.

आमचा जिल्हा मोठा विचित्र. खालच्या अंगाला नदी, कालवे, ऊस, साखर कारखाने आणि टोलेजंग दवाखाने. वरच्या अंगाला बोरदऱ्यासारखे डोंगरपट्ट्यातले तालुके. तिथे माणूस आजारी पडला की आधी देवाला हात जोडायचे आणि मग एसटीला. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली की जिल्हा एकदम सुखी दिसायचा. “जिल्हा नकाशात असतो, माणूस तालुक्यात राहतो,” हे सरांचं वाक्य वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाने ऐकलेलं. परीक्षेत तेवढं एक वाक्य लिहिलं तरी पास होता येतं, अशी आमच्यात थट्टा चालायची.

समितीपुढे खरा प्रश्न हाच होता, की मागासलेपण जिल्ह्यावर मोजायचं की तालुक्यावर. बोरदऱ्याच्या वेशीवर ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधून तयार होती. रंग दिलेला, पाटी लावलेली, आणि दाराला कुलूप. डॉक्टर आणि नर्सच्या जागाच मंजूर नव्हत्या. तालुक्यावर मोजलं तर त्या जागा मंजूर होऊन ते कुलूप निघणार होतं. जिल्ह्यावर मोजलं तर ते तसंच राहणार होतं.

सकाळी समितीचे सगळे सदस्य ती इमारत बघून आले होते. गाव तिथे गोळा झालं होतं. बायका सांगत होत्या, पुरुष सांगत होते, एकाच वेळी दहा जण सांगत होते. सर तेवढे जीपपाशी लांब उभे राहिले होते, जणू हे गाव त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिलं. आणि अक्काही त्या गर्दीत नव्हत्या.

जेवण आटोपून सर ओसरीवर गेले तेव्हा मी अक्कांना विचारलंच. सगळं गाव गाऱ्हाणं घालतंय आणि तुम्ही सख्खी बहीण असून भावाला एका शब्दाने सांगत नाही, हे कसं?

अक्का हसल्या. मग भांडी घासता घासता त्यांनी मला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. आप्पांचं गावात किराण्याचं दुकान होतं. त्यांचा एक नियम होता. दुकानात घरचं कुणी आलं तर त्याला सगळ्यात शेवटी मोजायचं. घरातलं मीठ संपलं तरी शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पोरीने वाटी घेऊन दाराशी उभं राहायचं. शेट्यांचा काटा घरच्यांकडे झुकतो, असं कुणी म्हणू नये म्हणून. एका वर्षी साखरेची मारामार होती. दुकानात आली तेवढी गावाला पुरली, घरची पाळी येईपर्यंत पोतं झटकून झालं होतं, आणि शेट्यांच्या घरात नागपंचमी गोडाशिवाय झाली. आप्पा मात्र त्या दिवशी मोठ्या खुशीत होते म्हणे.

“घरचं माप शेवटी. आप्पांनी आमाला दोघांला येवढंच शिकिवलं बग,” अक्का म्हणाल्या. “आता मी मागितलं, तर त्येला न्हाई बी म्हनता यायचं न्हाई आन् व्हय बी म्हनता यायचं न्हाई. कामून लेकराला पेचात टाकायचं? त्येला ठावं हाय समदं. करंल त्यो बराबर.”

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्या लेकरू म्हणाल्या, त्याचं मला हसू आलं. अक्काही हसल्या, आणि निघताना त्यांनी माझ्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या.

समितीची शेवटची बैठक विभागाच्या ठिकाणी, सरकारी विश्रामगृहात झाली. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते, सज्जन, पण जिल्ह्याचे आकडे आयते हाताशी असताना तालुक्यांच्या भानगडीत कशाला पडायचं, असं त्यांचं साधं गणित. सदस्यांत तिघे तालुक्याच्या बाजूचे होते, तिघे जिल्ह्याच्या. सरांचं मत कुणी विचारलंही नव्हतं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. सरांनी मत दिलं की तालुक्याचं पारडं जड होणार आणि अध्यक्षांना स्वतःचं मत द्यायचं कारणच उरणार नाही, हे धरूनच मी आठवडाभर तक्ते तयार करत बसले होते.

सर बोलायला उभे राहिले. इतके सुंदर बोलले की चहा घेऊन आलेला माणूसही ट्रे हातात धरून ऐकत राहिला. सुखी जिल्ह्यांच्या पोटात लपलेले उपाशी तालुके त्यांनी एकेक करून दाखवले. जिल्ह्याच्या बाजूचा एक सदस्य तर मान डोलवायला लागला होता.

तेवढ्यात सदस्यांत लिंबाजीराव म्हणून एक माजी आमदार होते, त्यांनी मध्ये तोंड घातलं. माणूस वाईट नव्हता, पण बैठक जड झाली की त्यांना कुणाची तरी टोपी उडवल्याशिवाय राहवत नसे.

“सर, तुमचं म्हणणं पटतंय बरं का,” ते म्हणाले. “फक्त तालुक्यांची यादी लावली की पहिलाच नंबर बोरदऱ्याचा लागतो. आपला हात जगन्नाथ, दुसरं काय!”

सगळे हसले. लिंबाजीराव स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसले आणि त्यांनी सरांकडे चहा सरकवला. त्यांच्या लेखी तो विषय तिथेच संपला होता.

सर हसले नाहीत. त्यांनी समोरचे कागद जुळवले, फाईल बंद केली आणि अध्यक्षांना म्हणाले, “हा विषय माझ्या गावाचा आहे. यावर मी मत देणं बरोबर नाही. तुम्ही ठरवा, मी बाहेर थांबतो.”

आणि ते खरंच बाहेर गेले. लिंबाजीराव चपापले. अहो सर, गंमत केली, असं म्हणत ते अर्धवट उठलेही. पण अध्यक्षांना ते फारच आवडलं होतं. असा माणूस आजकाल दिसत नाही, असं म्हणून त्यांनी लिंबाजीरावांना खाली बसवलं.

मी सरांच्या मागोमाग व्हरांड्यात धावले. ते कठड्याला धरून उभे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. म्हटलं, सर, आत परत चला, तुमच्या एका मतावर सगळं अडलंय.

“हेमा, उद्या कुणी म्हणालं की शेट्यांनी आपलं गाव साधून घेतलं, तर सगळा अहवाल नासेल. दुधात मिठाचा खडा पडल्यासारखा.”

“पण तुम्ही हे बोरदऱ्यासाठी कुठे म्हणताय? तुम्ही हे आम्हाला वर्गात शिकवलंय. तेव्हा समितीही नव्हती आणि दवाखानाही नव्हता.”

“तेव्हा माझ्या हातात काटा नव्हता,” सर म्हणाले.

मला अक्कांची गोष्ट आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. “सर, हे आप्पांचं दुकान नाही. आणि यादीत तुमचा एकच तालुका आहे. बाकीचे तालुके कुणाचेच नाहीत. त्यांच्यासाठी तरी आत चला. बोरदरा तुमचं गाव आहे, हा काय बोरदऱ्याचा गुन्हा आहे?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्गात असतो तर मी तिथेच गप्प झाले असते. ते इतकंच म्हणाले, “तू आत जा. इतिवृत्त तुला लिहायचं आहे.”

मी आत गेले. मतं घेतली, तीन-तीन झाली, अध्यक्षांनी आपलं मत जिल्ह्याच्या बाजूने टाकलं. पाच मिनिटांचं काम. मग अध्यक्षांनी मला मुद्दाम सांगून एक वाक्य लिहायला लावलं, की सदस्य डॉ. शेटे यांनी स्वतःहून मतदानापासून दूर राहून सार्वजनिक जीवनात एक आदर्श घालून दिला आहे. लिहिताना माझं अक्षर कधी नव्हे इतकं वाईट आलं. मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला होता. आता मी स्वतः निवृत्त झाले, तरी तो राग येतो, आणि त्याच्या पाठोपाठ रडू येतं.

त्या वाक्याने मात्र सरांचं नाव केलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. कॉलेजात सत्कार झाला. काही महिन्यांत सरकारने त्यांना सल्लागार म्हणून मुंबईला बोलावलं आणि त्यांनी मलाही बरोबर नेलं. काम पुष्कळ होतं आणि चांगलंही होतं. अनुशेषाच्या जिल्ह्यांत डॉक्टर नेमले गेले, दवाखाने उघडले, त्या याद्या माझ्याच टेबलावरून जायच्या. बोरदऱ्याचं नाव त्यांत नव्हतं. सर त्या याद्यांवर सही करायचे आणि पुढचा कागद घ्यायचे.

दिवाळीला ते गावी जाऊन आले. अक्कांना सांगितलंत का, असं मी विचारलं. सांगितलं म्हणाले. काय म्हणाल्या? सर म्हणाले, “मी बाहेर थांबलो होतो असं सांगितलं, तर तिने विचारलं, तुला बाहेर कुणी कपभर च्या तरी दिला का रे?”

पुढच्या श्रावणात एका सकाळी कार्यालयात फोन आला. मी घेतला. पलीकडून अक्कांचा मुलगा गुरुलिंग ओरडत होता आणि लाइनमध्ये इतकी खरखर होती की शब्द तुटत होते. मामाला सांगा, आईला पान लागलंय, जिल्ह्याला नेतोय, एवढं मला ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

मला अर्थ लागेना. पान लागलं म्हणजे पानातली सुपारी लागते तसं काहीतरी असेल, त्यासाठी जिल्ह्याला कशाला न्यायचं? मी तसंच आत जाऊन सरांना सांगितलं, शब्दाला शब्द. म्हटलं, पान लागलं म्हणजे काय हो सर?

सर खुर्चीतून उठले होते. टेबलाला धरून ते हळूच परत बसले.

“आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत,” ते म्हणाले. “चावला असंही म्हणत नाहीत.”

आम्ही निघायची तयारी करत असतानाच दुसरा फोन आला. या वेळी लाइन स्वच्छ होती आणि गुरुलिंग ओरडत नव्हता.

आम्ही बोरदऱ्याला पोचलो तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. त्यांच्या समाजात मृताला आडवं करत नाहीत, बसवतात आणि तसंच समाधीत ठेवतात. ओसरीवर अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळाला भस्म, अंगावर कोरं लुगडं. दारातून येणाऱ्याला वाटावं, वाट बघत बसल्या आहेत. सर त्यांच्या समोर खाली बसले. रडले नाहीत. नुसते बघत राहिले.

गुरुलिंगने त्यांना सगळं सांगितलं, मी शेजारीच होते. अक्का परसात सरपण काढत होत्या. लाकडांच्या ढिगात हात घातला आणि तिथेच लागलं. बाजाराची जीप मिळायला वेळ गेला. जिल्ह्याचा रस्ता वेशीवरून जातो, म्हणून जीप ग्रामीण रुग्णालयासमोरूनच गेली. सवयीने म्हणा, आशेने म्हणा, ड्रायव्हरने तिथे गाडी हळू केली.

“आई म्हनली, हितं कामून थांबतूस? हितं कोन न्हाई, चल पुढं. तवर शुद्धीत व्हती मामा, चांगली बोलत व्हती. घाटात जीभ जड झाली. शहर दिसायच्या आदीच गेली.”

सरांनी विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलली का?”

“मामाला लगीच कळवू नगा म्हनली. त्यो घाबरतो म्हनली,” गुरुलिंग म्हणाला.

त्यावर इलाज काय होता, हे मी नंतर दहा डॉक्टरांना विचारलं. प्रत्येकाने एकच सांगितलं. एक इंजेक्शन असतं, ते वेळेवर मिळालं तर बहुतेक माणसं वाचतात. त्यासाठी शहर लागत नाही, मोठा डॉक्टर लागत नाही. उघडं दार लागतं आणि आत एक शिकलेला माणूस लागतो.

माती देऊन सगळे परत घरी आले. अंगणात गाव बसलं. कुणी तरी दोन शब्द बोलायचे म्हणून सरपंच उठले. म्हातारे, मायाळू गृहस्थ, अक्कांना बहीण मानणारे. अक्का कशा होत्या, कुणाच्या बाळंतपणात कशा धावून गेल्या, किती पोरांना भाकरी घातली, हे त्यांनी सांगितलं. मग ते सरांकडे वळले.

“आन् भाऊ कसा, तर बगा,” ते म्हणाले. “येवढा मोठा सरकारात मानूस. पर गावासाठी न्हाई, सख्ख्या भनीसाठी बी कदी शब्द टाकला न्हाई. पेपरात आलं व्हतं. असा मानूस पुन्हा व्हनार न्हाई.”

लोकांनी माना हलवल्या. त्यात टोमणा नव्हता, कुणाच्याच मनात नव्हता. मी एकेका चेहऱ्याकडे निरखून बघितलं, कारण मला टोमणा हवा होता. टोमणा असता तर तो सरांना सोसला असता. पण ती माणसं खरोखरच मनापासून बोलत होती. आपल्याला दवाखाना मिळाला नाही, याच्याहून आपल्या गावात असा सचोटीचा माणूस जन्मला, याचं त्यांना जास्त अप्रूप होतं.

सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नसता.

“सरपंच, मला शब्द टाकावा लागलाच नसता,” ते म्हणाले. “फक्त खरं तेवढं बोलायचं होतं. ते मला येत होतं.”

सरपंचांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “तेच म्हनतो मी सर,” ते डोळे पुसत म्हणाले. “खऱ्याबिगर तुमी कदी काय बोललाच न्हाईत.”

सर खाली बसले. आधी सरपंच वाकले, त्यांच्यामागून गुरुलिंगची बायको, मग शेजारपाजारच्या बाया, मग बाप्ये. रांग लावल्यासारखा एकेक जण येऊन सरांच्या पाया पडू लागला. सर पाय मागे घेत राहिले, पार भिंतीला लागेपर्यंत मागे घेत राहिले, आणि लोकांना तोही त्यांचा मोठेपणाच वाटला.